कॉम्प्युटर बदलला, लायसन्स अडलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतल्या मार्केट यार्डाची अडत दुकानं, कुपवाड एमआयडीसीतली ड्रॉइंग ऑफिसं, मिरजेतले दवाखाने, गावभागातले छापखाने. धंदे वेगवेगळे, पण मार्च महिन्यात आणि पावसाळा सुरू झाला की सगळीकडून एकच तक्रार येते: "सॉफ्टवेअर पैसे देऊन घेतलंय, तरी लायसन्स नाही म्हणतंय." अशा वेळी माणूस घाबरून फॉरमॅट मारतो आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. तसं होऊ नये म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. एरर कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, स्क्रीनवर तेच इंग्रजीत दिसतील.

काल संध्याकाळपर्यंत चालत होतं. आज सकाळी "लायसन्स सापडत नाही" असं कसं?

बहुतेक वेळा सॉफ्टवेअरला काहीही झालेलं नसतं. त्याला फक्त तुमचा कॉम्प्युटर ओळखू येत नसतो.

लायसन्स ॲक्टिव्हेट होतं तेव्हा सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधल्या काही भागांचे नंबर वाचून ठेवतं. त्यात मदरबोर्डचा सीरियल, हार्ड डिस्कचा सीरियल, नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, प्रोसेसरचं मॉडेल असं काही असतं. या नंबरांवरून ते एक ओळख तयार करतं आणि पुढे दर वेळी उघडताना ती जुळते का ते बघतं. ही पद्धत घरोघरी पोचली ती २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर. एक्सपी अशा दहा गोष्टी तपासायचं आणि त्यातल्या एकदोन बदलल्या तरी चालवून घ्यायचं. आजही प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं आहे. कुणी एका नंबरावर अडून बसतं, कुणी बराच बदल खपवून घेतं.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: गेल्या आठवड्यात या मशीनमध्ये काय बदललं? दुरुस्तीला गेलं होतं का? नवीन इंटरनेट जोडलं का? मुलाने काही काढलं-घातलं का? दुसरं म्हणजे एररचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, अख्खी स्क्रीन दिसेल असा. "काहीतरी इंग्रजीत येतंय" एवढ्यावर फोनवरून कुणालाच काही सांगता येत नाही. आणि हे दोन्ही होईपर्यंत सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करू नका.

नेमका कोणता पार्ट बदलला की लायसन्स जातं?

माऊस, कीबोर्ड, मॉनिटर, प्रिंटर, पॉवर सप्लाय यांनी काही होत नाही. रॅम वाढवल्यानेही सहसा होत नाही. मदरबोर्ड बदलला तर मात्र जवळजवळ नक्की जातं, कारण बोर्डाबरोबर त्याचा सीरियल, त्याच्यावरचं लॅन पोर्ट आणि सुरक्षेची चिप असं सगळंच जातं.

आपल्याकडे एक कारण हमखास निसटतं. एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो, वीज कडाडते आणि ब्रॉडबँडच्या वायरीतून आलेला झटका बोर्डावरचं लॅन पोर्ट जाळून टाकतो. कॉम्प्युटर चालू असतो, फक्त नेट बंद. दुरुस्तीवाला काही शे रुपयांचं लॅन कार्ड टाकून देतो, नेट सुरू होतं, सगळे खूश. दोन दिवसांनी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायला जावं तर लायसन्स गेलेलं. मॅक ॲड्रेस लॅन कार्डाबरोबर येतो, तो नवा झाला आणि लायसन्स जुन्याला बांधलेलं होतं. लॅन कार्डाचा आणि लायसन्सचा संबंध कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि मग सॉफ्टवेअर तीन-तीनदा इन्स्टॉल केलं जातं.

अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन बोर्डावरचं जुनं लॅन बंद केलेलं आहे का ते बघा. पोर्ट जळलं तरी कधीकधी चिप जिवंत असते. ती बायोसमध्ये पुन्हा चालू केली की विंडोजला जुना मॅक ॲड्रेस दिसायला लागतो, आणि केबल नव्या कार्डात ठेवूनही लायसन्स परत येतं. हे प्रत्येक मशीनवर जमत नाही, पण करून बघायला पाच मिनिटं पुरतात.

हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. डेटा जसाच्या तसा क्लोन केला, तरी का अडलं?

डिस्कला दोन नंबर असतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक नंबर कारखान्यात पडलेला असतो. तो फॉरमॅट मारूनही बदलत नाही, डिस्क बदलली तरच बदलतो. दुसरा असतो व्हॉल्यूम सीरियल नंबर. तो फॉरमॅट मारताना विंडोज देतं. काळ्या कमांड विंडोत व्ही-ओ-एल टाइप करून, जागा सोडून सी आणि कोलन दिलं की आठ अक्षरी नंबर दिसतो, मधे एक आडवी रेघ. तोच हा नंबर.

क्लोन केलं की व्हॉल्यूमचा नंबर तोच राहतो आणि कारखान्याचा बदलतो. फॉरमॅट मारला की नेमकं उलटं होतं. म्हणून कुठलं सॉफ्टवेअर क्लोनवर चालतं आणि फॉरमॅटवर अडतं, तर कुठलं फॉरमॅट पचवतं आणि क्लोनवर अडतं. जुनी डिस्क नीट असेल तर ती लगेच पुसू नका. परत जोडा, तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करा, लायसन्स रीतसर सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून कंपनीकडे परत जमा करा, आणि मग नव्या एसएसडीवर ॲक्टिव्हेट करा. जुनी डिस्क निदान महिनाभर कपाटात ठेवलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतंय. हळदीचे सौदे चालू आहेत, मार्च एंड तोंडावर आहे. डेटा गेला का?

डेटा गेलेला नाही. डेटा फोल्डरमध्ये असतो, त्याचा लायसन्सशी संबंध नाही. एज्युकेशनल मोडमध्ये नोंदींच्या तारखांवर बंधन येतं. मार्चमध्ये १, २ आणि ३१ या तारखांशिवाय नोंद घेता येत नाही, त्यामुळे रोजची पट्टी करणारा अडत्या जागच्या जागी थांबतो. पण तेवढ्यासाठी सगळ्या नोंदी ३१ तारखेला टाकून ठेवू नका. नंतर त्या निस्तरणं लायसन्सपेक्षा जास्त त्रासाचं होतं.

सीरियल नंबर आणि नोंदणीचा ईमेल हाताशी घ्या, इंटरनेट चालू आहे ना बघा आणि लायसन्स रीॲक्टिव्हेट करा. खात्री करण्यासाठीचा मेल त्या नोंदणीच्या ईमेलवर जातो. तो ईमेल कुणाचा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

दुकानात चार मशीन आणि गोल्ड, म्हणजे अनेक मशीनवर चालणारं लायसन्स असेल तर आधी बघा की एकाच मशीनवर अडलंय की सगळीकडे. सगळीकडे अडलं असेल तर ज्या मशीनवर लायसन्स ठेवलंय ते बंद आहे का किंवा बदललंय का ते तपासा. एकाच मशीनवर अडलं असेल तर बहुधा त्या मशीनचा फायरवॉल किंवा नवा अँटिव्हायरस आडवा आलेला असतो.

बोर्ड बदलल्यावर विंडोज "ॲक्टिव्हेट करा" म्हणतंय. विंडोज तर लॅपटॉपबरोबरच आलं होतं.

लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज हे त्या बोर्डाचं असतं. विंडोज ८ पासून त्याची "की", म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड, बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या चिपमध्ये) लिहिलेली असते, म्हणून तुम्हाला स्टिकर दिसत नाही. वॉरंटीत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला तर विंडोजची की नव्या बोर्डात भरून देणं हे त्यांचंच काम आहे. लॅपटॉप ताब्यात घेताना तिथेच सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडून बघा, घरी आल्यावर नको. बाहेरून जुना बोर्ड टाकून घेतला असेल तर तुमच्या आधीच्या बोर्डाची की त्यात नसते.

वेगळं विकत घेतलेलं, म्हणजे रिटेल विंडोज असेल तर ते नव्या बोर्डावर नेता येतं. २०१६ पासून विंडोजचं डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडता येतं. ते आधी जोडलेलं असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबा, "मी अलीकडे हार्डवेअर बदललं" हा पर्याय निवडा, त्याच खात्याने लॉगिन करा आणि यादीतून आपलं मशीन निवडा. आवृत्ती मात्र तीच हवी. होमचं लायसन्स प्रोवर बसत नाही.

कोडवरून बरंच कळतं. सी००४एफ२११ आला तर हार्डवेअर बदललंय. ८०३एफ७००१ म्हणजे या मशीनसाठी लायसन्सच सापडलं नाही. सी००४सी००३ म्हणजे कीच अडवलेली आहे, आणि पाचशे रुपयांत ऑनलाइन घेतलेल्या कींवर बऱ्याचदा हाच येतो. सी००४एफ०७४ म्हणजे तुमचं विंडोज एखाद्या संस्थेच्या सर्व्हरला शोधतंय. सेकंडहँड मशीनवर हा कोड आला तर त्यात मोठ्या कंपनीचं व्हॉल्यूम (अनेक मशीनसाठी एकगठ्ठा घेतलेलं) लायसन्स आहे, किंवा कुणीतरी बनावट ॲक्टिव्हेटर चालवलाय. असं लायसन्स १८० दिवसांनी संपतं, म्हणून मशीन घेतल्यावर पाच-सहा महिने सगळं छान वाटतं.

सेकंडहँड मशीन घेण्याआधी दुकानातच कमांड विंडोत एस-एल-एम-जी-आर, जागा, स्लॅश, एक्स-पी-आर असं टाकून बघा. कायमचं ॲक्टिव्हेट असेल तर तसं लिहून येतं. तारीख दिसली तर ते लायसन्स मुदतीचं आहे, त्याचे पैसे देऊ नका.

विंडोज ७ ची जुनी की टाकून १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुन्या मशीनचा बोर्ड गेला असेल तर त्याच्यावर किती खर्च करायचा याचा विचार नक्की करा.

बोर्ड बदलायला देण्याआधी काही करून ठेवायचं का?

हो, आणि हे लायसन्सपेक्षाही महत्त्वाचं आहे. आजच्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाचं कुलूप, मालकाला न सांगताच चालू असतं. बोर्ड बदलला की जुनी सुरक्षा चिप जाते आणि विंडोज सुरू होण्याआधीच निळी स्क्रीन ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डिस्क चांगली असूनही डेटा मिळत नाही. कुठलाही तज्ज्ञ तो काढून देऊ शकत नाही. बोर्ड पूर्ण बंद पडण्याआधी, मशीन अडखळत चालतंय तोवरच, आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की कागदावर उतरवून घ्या.

चिप बदलल्याचा दुसरा परिणाम ऑफिसवर दिसतो. वर्ड किंवा आउटलुक उघडताना ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल बिघडल्याचा संदेश आणि ८००९००१६ हा कोड येतो. चिप बिघडलेली नसते, खात्याची जुनी नोंद तिच्याशी जुळत नसते. विंडोज सेटिंग्जमधून ते ऑफिसचं खातं काढून परत जोडलं की बहुतेक वेळा सुटतं.

डोंगल लावलेलं आहे, दिवाही लागतोय, तरी सॉफ्टवेअर "की सापडली नाही" म्हणतंय.

छापखान्यांत मराठी डीटीपीसाठी श्री-लिपीसारखी सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या लायसन्सच्या छोट्या किल्लीवर, चालत आली आहेत. दवाखान्यातल्या आणि कारखान्यातल्या काही मशीनचंही तसंच. पूर्वी डोंगल प्रिंटरच्या लांबड्या पोर्टला लागायचं, आता यूएसबीला लागतं.

दिवा लागतोय म्हणजे वीज पोचतेय, एवढंच. विंडोजने ते ओळखलंय असा त्याचा अर्थ नाही. हॅस्प जातीच्या डोंगलवर एच०००७ आला तर डोंगलच दिसत नाहीये, आणि एच००३३ आला तर त्याचा ड्रायव्हर किंवा मागे चालणारी सर्व्हिस बंद आहे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, १९४७ टाकलं तर त्या ड्रायव्हरचं स्वतःचं पान उघडतं. पान उघडलं आणि यादीत डोंगल दिसलं, तर दोष सॉफ्टवेअरच्या बाजूला शोधायचा. पानच उघडलं नाही तर ड्रायव्हर नव्याने टाका. तो कंपनीच्या साइटवरून ताजाच घ्या, कारण जुन्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्या होत्या आणि त्या २०१८ च्या सुरुवातीला जाहीरही झाल्या.

ड्रायव्हर टाकताना डोंगल काढून ठेवा, नंतर लावा. समोरच्या पोर्टला किंवा हबला लावू नका. डोंगल बोर्डाच्या मागच्या पोर्टला थेट लागलं पाहिजे. यार्डातल्या दुकानांत तर पोर्टमध्ये हळदीची बारीक धूळ बसते आणि पिवळा थर हाताला लागतो. मशीन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पोर्ट आणि डोंगलचे पितळी पट्टे पुसा. पाण्याचा फडका लावू नका.

घरून रिमोट डेस्कटॉपने दुकानातलं सॉफ्टवेअर उघडत असाल तर बरीच डोंगलं मुद्दाम अडवतात. लायसन्सची अटच तशी असते, त्याला बिघाड समजू नका.

डोंगल तुटलं तर तुकडे जपून ठेवा. बहुतेक कंपन्या तुटलेलं परत घेऊन थोड्या पैशांत बदलून देतात. हरवलं तर मात्र अनेकदा नवीन लायसन्सचेच पैसे मागतात.

डिजिटल सहीचं टोकन म्हणजे डोंगलच का?

नाही. दिसायला सारखं असलं तरी टोकनमध्ये तुमची सही असते, सॉफ्टवेअरचं लायसन्स नसतं. कॉम्प्युटर बदलला तरी ते चालतं, फक्त त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. पिन मात्र पुन्हा पुन्हा चुकवू नका. टोकन लॉक होतं.

आमच्याकडे कॅडचं नेटवर्क लायसन्स आहे. "मायनस नाइन", "मायनस फिफ्टीन" असे आकडे येतात.

कुपवाडच्या फाउंड्री आणि मशिन शॉपमधून हा प्रश्न सारखा येतो. फ्लेक्सनेट नावाची लायसन्स व्यवस्था अनेक इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून आकडे सगळीकडे सारखेच. मायनस नाइन म्हणजे होस्ट आयडी (मशीनची ओळख) जुळत नाही, मशीन किंवा लॅन कार्ड बदललंय. मायनस फिफ्टीन म्हणजे लायसन्स देणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही, सर्व्हर बंद आहे किंवा फायरवॉल आडवा आलाय. मायनस फोर म्हणजे सगळ्या सीट (एका वेळी जितक्यांना चालवता येतं तितक्या जागा) वापरात आहेत. कुणीतरी सॉफ्टवेअर उघडं ठेवून जेवायला गेलेलं असतं. मायनस टेन म्हणजे मुदत संपली.

लॅपटॉपवाल्यांना एक इशारा देतो. ऑफिसात लॅपटॉप डॉकवर (जादा पोर्ट देणाऱ्या जोडणीवर) असतो आणि लायसन्स चालतं, घरी नेला की मायनस नाइन. लायसन्स मागवताना जो मॅक ॲड्रेस पाठवला तो डॉकच्या लॅनचा होता, असं यात बहुतेकदा निघतं. यूएसबी-लॅन ॲडॉप्टरचंही तेच. ते छोटं ॲडॉप्टर मग लायसन्सइतकंच मोलाचं होतं. त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवा. विंडोजमध्ये वायफायचा रँडम ॲड्रेस चालू असेल तर तोही बंद करा, नाहीतर वायफायला बांधलेलं लायसन्स मधूनच रुसतं.

कॉम्प्युटरची तारीख मागे गेली होती. ती नीट केली, तरी लायसन्स नाही.

बोर्डावरचा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, संपला की मशीन बंद केल्यावर घड्याळ जुन्या सालात जातं. मुदतीचं लायसन्स असलेल्या सॉफ्टवेअरला वाटतं, मुदत वाढवायला कुणी तारीख मागे नेली. फ्लेक्सनेटमध्ये याचा आकडा मायनस एटी-एट. आधी सेल बदला, मग तारीख नीट करा, मग मशीन पूर्ण बंद करून चालू करा. तारीख चुकून पुढच्या वर्षात गेली होती आणि त्या काळात फाइली तयार झाल्या, तर अडचण जास्त चिवट असते. तेव्हा कंपनीलाच लिहावं लागतं.

पुरात कॉम्प्युटरच गेला. सरेंडर करायला मशीन उरलं नाही. लायसन्स बुडालं का?

नाही. हे मी ठासून सांगतो, कारण २०१९ नंतर कितीतरी दुकानदारांनी विचारपूसही न करता पुन्हा पैसे भरले. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेत तळमजल्यावरचं होतं नव्हतं ते पाण्याखाली गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. मशीन बुडतं, वापरण्याचा हक्क बुडत नाही. तो तुमच्या नावाने कंपनीकडे नोंदलेला असतो.

पंचनाम्याची प्रत, मशीनचा फोटो, खरेदीचं बिल आणि सीरियल नंबर जोडून कंपनीला लिहा. जुनं ॲक्टिव्हेशन त्यांच्या बाजूने रद्द करा आणि नव्या मशीनवर एकदा ॲक्टिव्हेशन द्या, अशी मागणी करा. बुडालेल्या मशीनला वीज देऊन बघू नका. डिस्क काढून वेगळी वाळवा आणि डेटा काढणाऱ्याकडे द्या. डोंगल बुडालं असेल तर स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, अल्कोहोलने पुसून, दोन-चार दिवस पूर्ण वाळू द्या. बंद डोंगलं अशी वाचतात.

नदीकाठच्या गावांत आणि शहराच्या सखल भागात ज्यांचं ऑफिस आहे, त्यांनी पाणी चाळीस फुटांकडे सरकायला लागलं की सामान हलवताना डोंगल आधी खिशात टाकावं, आणि इंटरनेट चालू असेतोवर सरेंडर होणारी लायसन्स सरेंडर करून टाकावीत.

लायसन्सचा ईमेल आमच्या डिलरचा आहे, आणि डिलरने दुकान बंद केलंय.

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. सॉफ्टवेअर घेताना "तुमचा ईमेल सांगा" म्हटलं की आपण म्हणतो, "तुमचाच टाका, आम्हाला काय कळतंय." त्या क्षणी लायसन्सची किल्ली दुसऱ्याच्या खिशात जाते. पुढे ओटीपी, रीॲक्टिव्हेशनचा मेल, नूतनीकरणाची सूचना, सगळं त्याच्याकडे.

आज सगळं नीट चालू असेल तर आजच बदलून घ्या. डिलर असताना हे काम सोपं असतं. तो नसेल तर कंपनीला लेटरहेडवर लिहा, फर्मचं नाव, जीएसटी नंबर, सीरियल नंबर आणि खरेदीचा पुरावा द्या. नवा ईमेल फर्मचा हवा. हिशेबनीस किंवा मुनीमजींचा खासगी ईमेल देऊ नका, माणसं नोकरी बदलतात.

एकजण डोंगलशिवाय चालवून देतो म्हणतो. मॅक ॲड्रेसही बदलून देतो. करून घ्यावं का?

नको. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली आलेल्या ६५-अ कलमानुसार कॉपीराइटचे हक्क मोडण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्यासाठी ६३-ब कलम आहे. त्यात सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण तुमचा वापर धंद्यासाठीच आहे. शिवाय ते क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ज्या मशीनवर तुमची बँक आणि जीएसटी आहे त्यावर असा अनोळखी प्रोग्राम चालवणं धोक्याचं आहे. तुम्ही पैसे दिलेले आहेत. कंपनीकडे हक्काने मागा.

बिलच सापडत नाही. मग कंपनीला पुरावा काय देऊ?

आधी जुन्या मेलमध्ये सॉफ्टवेअरच्या नावाने शोधा. बँकेच्या उताऱ्यात डिलरला गेलेली रक्कम शोधा. आणि बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकलेला होता का ते आठवा. असेल, आणि डिलरने रिटर्न भरलं असेल, तर ते बिल जीएसटी पोर्टलवर तुमच्या २-बी मध्ये (तुमच्या खरेदीच्या बिलांच्या तक्त्यात) तारखेसह, बिल नंबरसह दिसतं. तुमच्या सीएंच्या ऑफिसला खरेदीचा महिना सांगा, ते पाच मिनिटांत काढून देतात. त्या नंबरावरून डिलरकडे किंवा कंपनीकडे बिलाची प्रत मागता येते.